गाण्याला धक्का न लावता

क्लाइव्ह ट्रेमबाथच्या घरात थंडगार हवा एकाच खोलीत होती आणि त्या खोलीत कुणी झोपत नसे. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडला त्यानं आतून लाकडी अस्तर मारून घेतलं होतं, दाराच्या कडांना रबर लावलं होतं आणि एसी बसवला होता. सगळं टेपांसाठी. जानेवारीच्या उन्हाळ्यात दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वायॅलात झुळूकभर वारासुद्धा येईनासा झाला, की त्याची बायको जॉयलीन चादर भिजवून पंख्याखाली पडायची. शेडमध्ये मात्र भिंतभर टेपा आणि रिळं गारव्यात निवांत असायची.

"मी मेले की मला तिकडेच ठेव," ती म्हणायची. "निदान नासणार तरी नाही."

क्लाइव्ह हसायचा आणि दार नीट लागलंय की नाही ते बघून यायचा.

बाहेरून बघितलं तर माणूस वाईट नव्हता. पोलादाच्या कारखान्यात क्रेनवर जन्म काढला, कधी कुणाशी भांडला नाही. बिअर बेतानं प्यायचा. शेजारची बाई आजारी पडली तर तिच्या दारासमोरचं गवत न सांगता कापून द्यायचा. त्याला फक्त एक वेड होतं. जुन्या रॉक बँडची गाणी तो जमवायचा, पण दुकानात मिळणारी नाही. एखाद्या गाण्याची रेकॉर्ड निघाली, की ते त्याच्या मनातून उतरायचं. जे एका संध्याकाळी कुठल्यातरी पबमध्ये वाजलं, कुणी कोटाखाली मशीन लपवून टिपून घेतलं आणि जगात ज्याची एकच प्रत आहे, ते त्याला हवं असायचं. असे वेडे जगभर होते. एक हॅम्बुर्गला होता, एक ओसाकाला. जवळच्या पोर्ट ऑगस्टा गावात वॉरिक जॉली होता, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेला, तो दर रविवारी गाडी काढून यायचा. यांच्यात पैशाचा व्यवहार नव्हता. टेपेच्या बदल्यात टेप. पैसे मागणारा माणूस यांच्या लेखी भुरटा.

वेडापायी त्यानं जे केलं, त्यातलं एकच सांगते. लग्नानंतरच्या दिवसांत जॉयलीनची आई लिव्हरपूलहून पत्रं पाठवायची नाही, टेपा पाठवायची. त्या बाईला लिहिण्याचा कंटाळा, बोलण्याचा मुळीच नाही. बटाटे सोलता सोलता मशीन लावून बोलत बसायची. शेजारणीचं ऑपरेशन, मांजरीची पिल्लं, पावसाला शिव्या. जॉयलीननं त्या टेपा कपाटात ठेवल्या होत्या. एका सुट्टीच्या दिवशी रेडिओवर कुठल्याशा बँडचा लंडनचा कार्यक्रम लागणार होता, क्लाइव्हकडची कोरी टेप संपली होती आणि दुकानं बंद होती. सासूबाईंच्या टेपा चांगल्या जातीच्या होत्या. त्यांच्यावरच त्यानं तो कार्यक्रम भरला.

"ती बोलतेच आहे की अजून," तो जॉयलीनला म्हणाला. "पुढच्या महिन्यात नवी पाठवेल."

म्हातारीनं पुढच्या महिन्यात नवी पाठवलीही. त्यानंतरच्या वर्षी ती गेली. जॉयलीन त्या गोष्टीवर कधी बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून तिनं शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. चहा दाराबाहेर ठेवायची.

त्या शेडमधला हिरा म्हणजे 'ड्राय डॉक'ची टेप. ड्राय डॉक हा वायॅलाचाच बँड, जहाजांच्या गोदीतल्या चार पोरांचा. गाणारा डंकन हॅल्क्रो, गोदीत बॉयलरचं काम करणारा, स्कॉटलंडहून आलेल्या कुटुंबातला. त्यांची एकच रेकॉर्ड निघाली, तेव्हा ती कुणी विचारली नाही. पुढे जर्मनी-जपानातल्या वेड्यांनी ती उकरून काढली आणि डोक्यावर घेतली. तोवर डंकन कधीच गेला होता. पोर्ट ऑगस्टाच्या रस्त्यावर बँडची व्हॅन एका ट्रकखाली गेली. त्याच्या आदल्या शनिवारी बंदराजवळच्या पबमध्ये ते वाजवत होते, आणि डंकनचे अँप्लिफायर उचलणारा, वयानं विशीतला क्लाइव्ह ट्रेमबाथ बापाचं रिळांचं मशीन टेबलाखाली ठेवून बसला होता. लोकांसमोर वाजवलेल्या ड्राय डॉकचं दुसरं रेकॉर्डिंग जगात नव्हतं. क्लाइव्हनं त्याची नक्कल कधी कुणाला दिली नाही. वॉरिकलासुद्धा शेडमध्ये बसवून ऐकवली, आणि आत घेण्याआधी त्याचे खिसे तपासले. वॉरिकला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानंही तेच केलं असतं.

नक्कल द्यायचीच झाली, तर या मंडळींची एक रीत होती. नकलेत भोक पाडायचं. म्हणजे एका जागी काही क्षणांचा आवाज पुसून टाकायचा, नुसती शांतता ठेवायची. प्रत्येकाच्या नकलेत ही जागा वेगळी. उद्या ती नक्कल इंटरनेटवर दिसली, की भोक कुठे आहे ते बघायचं, चोर सापडायचा, आणि मग त्या माणसाला जगात कुणी टेप देत नसे. सरळ अदलाबदलीत मात्र भोक पाडायचं नाही, तिथे माल स्वच्छ द्यायचा. भोक फक्त फुकट दिलेल्या नकलेला. यात क्लाइव्हची स्वतःची एक शिस्त होती, तिचा त्याला अभिमान होता. गाण्याला तो धक्का लावत नसे. भोक पाडायचं ते दोन गाण्यांच्या मधल्या बडबडीत.

जॉयलीन गुरुवारी वृद्धाश्रमात चहाची गाडी फिरवायला जायची. तिथे डंकनची आई होती, एफी हॅल्क्रो. नव्वदीला आलेली, बोटं वाकडी झालेली, जीभ मात्र शाबूत. एका गुरुवारी जॉयलीन घरी येऊन म्हणाली, "मिसेस हॅल्क्रो तुला भेटायचं म्हणतायत."

"मला? कशाला?"

"डंकनची टेप."

"नाही," क्लाइव्ह म्हणाला.

"बरं. त्यांच्याकडे पण एक रीळ आहे म्हणे. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं. अॅडलेडला दुसऱ्या रेकॉर्डसाठी चार गाणी केली होती, ती निघालीच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लाइव्ह इस्त्रीचा शर्ट घालून वृद्धाश्रमात हजर.

खिडकीशी खुर्चीत बसलेल्या एफीनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू तो सामान उचलणारा. केस कुठे गेले तुझे?"

"वयानं गेले, मिसेस हॅल्क्रो."

"बस. जॉयलीन म्हणते, तुझ्याकडे माझा डंकन आहे."

"त्या शेवटच्या शनिवारचं रेकॉर्डिंग आहे."

"तेच म्हणतेय मी." तिनं शाल सारखी केली. "त्यांची ती रेकॉर्ड आहे माझ्याकडे. त्यात तो गातो, पण कसा, अमेरिकन असल्यासारखा, नाकातून. माझ्या पोटी अमेरिकन कुठून आला, मला अजून कळलेलं नाही. मला गाणं नकोय रे. तो बोलायचा कसा, ते माझ्या कानातून गेलंय. चेहरा आहे, फोटो आहेत. आवाज जातोय जातोय असं वाटत होतं, त्या हिवाळ्यात अख्खी थंडी मी धरून ठेवत होते त्याला, रोज थोडा थोडा निसटला. आता नाही. एखादं वाक्य असलं तरी चालेल. मीठ दे म्हणाला असला तरी चालेल."

क्लाइव्हचे डोळे कपाटाकडे होते. "तुमच्याकडे रीळ आहे म्हणे."

"आहे. वाजवायला मशीन नाही. पुन्हा गाणीच असणार, नाकातली."

"आमच्यात असं असतं, मिसेस हॅल्क्रो, काही द्यायचं, काही घ्यायचं."

"मग घे की," ती म्हणाली. "त्यात विचारायचं काय."

क्लाइव्हनं कपाट उघडून अभ्र्यातलं रीळ काढलं. नाकाशी नेऊन त्यानं वास घेतला. टेप कुजली की व्हिनेगरसारखा वास येतो. आला नाही. त्यानं ते छातीशी धरलं, तसं त्यानं आपल्या मुलीला दवाखान्यात पहिल्यांदा धरलं नव्हतं. एफी बघत होती. तिला वाटलं, पोराला माझ्या डंकनची किती माया.

शेडमध्ये जाऊन त्यानं पबची टेप मशीनवर चढवली. ती त्याला तोंडपाठ होती, कुठे कोण खोकतं इथपर्यंत. डंकन लाजरा होता. लोकांकडे पाठ करून गायचा आणि दोन गाण्यांच्या मध्ये तोंड उघडत नसे. सबंध टेपेत तो एकदाच बोलला होता. शेवटच्या गाण्याआधी कुणीतरी मागून ओरडलं होतं, "डंक, आईला कुठे सोडून आलास?" आणि डंकन माइकजवळ येऊन म्हणाला होता, "आई घरी आहे. तिला सांगितलंय, मी चर्चच्या गाण्याच्या तालमीला चाललोय. कुणाला भेटली तर जरा सांभाळून घ्या. आणि तिनं मटणाचा खिमा ठेवलाय, तर हे शेवटचं." मग सगळा पब हसला, आणि डंकननं मोजलं, एक, दोन, तीन, चार.

नक्कल बाहेर जाणार होती. आश्रमात पोरसवदा नर्सेस होत्या, प्रत्येकीच्या हातात फोन. एफीचा एक नातू अॅडलेडला कॉम्प्युटरवर बसणारा. भोक पाडायलाच हवं होतं. गाण्याला तर धक्का लावायचा नाही, आणि बाकीची गाणी एकाला एक लागून होती. क्लाइव्हचा हात क्षणभर थांबला. जॉयलीननं दाराबाहेरून जेवायला हाक मारली, म्हणून थांबला. "आलो," म्हणाला आणि त्यानं नकलेतून डंकनचं बोलणं पुसलं. हसू ठेवलं, कारण हसण्यातच मागे गिटारचा पहिला सूर लागतो. मोजणंही ठेवलं. म्हातारीला आवाज हवाय, तर तो आहे की त्यात, असं त्याच्या मनात आलं, आणि तो हात धुवायला गेला.

नकलेची सीडी तो स्वतः घेऊन गेला, स्वतः लावून दिली. एफी हात मांडीवर ठेवून सगळी गाणी बसून राहिली, देवळात कंटाळवाणं प्रवचन चालू असताना बसावं तशी. शेवटच्या गाण्याआधी कुणीतरी ओरडलं, "डंक, आईला कुठे सोडून आलास?" एफी पुढे झुकली. मग काहीच नाही. खोलीतल्या फ्रीजचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. आणि एकदम पबभर लोक हसले.

"काय झालं?"

"टेप जुनी आहे, मिसेस हॅल्क्रो. तिथे खराब झालीय."

"नेमकी तिथे?"

"कुठेही होते."

"तू होतास ना तिथे. काय म्हणाला तो?"

क्लाइव्हनं सीडीच्या डबीचं झाकण लावलं. सांगितलं असतं, तर टेप खराब नाही हे कळलं असतं. "गोंगाट होता," तो म्हणाला. "आठवत नाही."

एफी मशीनकडे बघून म्हणाली, "एवढे हसले म्हणजे काहीतरी छान बोलला असेल." मग म्हणाली, "ते मोजतो ना, ते परत लाव."

पुढच्या गुरुवारी जॉयलीन चहाची गाडी घेऊन गेली, तर एफीच्या खोलीतून एक, दोन, तीन, चार, आणि बंद. एक, दोन, तीन, चार, आणि बंद. नर्स वैतागली होती. "सकाळपासून हेच, बटण आम्हीच दाबायचं. आम्हाला वेड लागेल."

जॉयलीननं गाडी दाराशी सोडली आणि एफीजवळ जाऊन बसली. एकदा सगळं ऐकलं. ती शेडमध्ये पाय टाकत नव्हती, पण शेडची भिंत तिच्या न्हाणीघराला लागून होती. लग्नापासून ती टेप तिनं कपडे चोळताना ऐकली होती, डंकनचं ते बोलणं तिला क्लाइव्हइतकंच पाठ होतं. तिला सगळं लख्ख कळलं. पुढे काय होईल याचा विचार न करता तिनं ते शब्दन् शब्द एफीला सांगून टाकलं, चर्चची तालीम, सांभाळून घ्या, खिमा.

एफी हसली. पुष्कळ वेळ हसली. "मला ठाऊक होतं गं. चर्चमध्ये गाऊन आलेल्याच्या अंगाला बिअरचा वास येतो होय?" मग तिनं जॉयलीनचा हात थोपटला. "छान सांगितलंस. पण ते तुझ्या आवाजात आलं, पोरी. आता तो बोलायला लागला, की माझ्या डोक्यात तूच बोलशील."

जॉयलीन घरी आली तेव्हा क्लाइव्ह टेबलाशी बसून पेपर वाचत होता. तिनं पर्स ठेवली नाही.

"मिसेस हॅल्क्रोंच्या सीडीत भोक आहे."

"असतंच ते."

"फुकट दिलेल्यात असतं. तू त्यांच्याकडून रीळ घेतलंस. अदलाबदलीला स्वच्छ द्यायची, हे मी तुझ्याच तोंडून ऐकलंय, जन्मभर. वॉरिकला विचारू का रविवारी, क्लाइव्हनं अदलाबदलीत भोक पाडलं, तुमच्यात त्याला काय म्हणतात?"

क्लाइव्हनं पेपरची घडी घातली. इतक्या वर्षांत जॉयलीननं या विषयात पहिल्यांदा तोंड घातलं होतं, आणि नेमका नियम तिला माहीत होता.

"मी सगळी ऐकवतो त्यांना," तो अखेर म्हणाला. "पण ठेवणार नाही. बसून ऐकवीन आणि घेऊन येईन."

"माझ्या आईसारखं," जॉयलीन म्हणाली. त्याला कळलं नाही. ती कपडे बदलायला आत गेली.

शुक्रवारी तो नवी सीडी घेऊन गेला. एफीच्या हातात त्यानं ती दिली नाही, खिशातून काढून गुडघ्यावर धरून ठेवली.

"जॉयलीननं सांगितलं," एफी म्हणाली. "म्हणजे टेप खराब नव्हती."

"नाही."

"आणि तुला आठवतही होतं."

त्यानं सीडी दुसऱ्या गुडघ्यावर घेतली.

"जाऊ दे. यात बोलतो तो?"

"बोलतो."

"किती वेळा ऐकू शकते मी?"

"मी बसलोय तोवर. जेवणाच्या घंटेपर्यंत बसेन."

"आणि मग?"

"मग मी घेऊन जाईन, मिसेस हॅल्क्रो. बाहेर राहिली तर... तशी रीतच आहे आमची."

एफीनं हात पुढे केला, सीडीच्या डबीवर एक वाकडं बोट ठेवलं आणि परत घेतलं.  टेबलावरच्या चहावर साय धरली.

"लावू?" त्यानं विचारलं.

"नको."

"सगळं स्वच्छ आहे यात, अगदी—"

"असेल रे. एकदा विसरून झालंय माझं त्याला. अख्खा हिवाळा लागला. तू घंटेपर्यंत ऐकवणार, मग मी पुन्हा विसरत बसायचं. तेवढा हिवाळा माझ्याकडे नाही आता." तिनं शालीखालून स्वतःची सीडी काढली, भोकाची. "ही लावून जा. बटण दाबवत नाही माझ्याच्यानं. ते मोजतो, तिथून."

क्लाइव्हनं ती लावली, जागा शोधून दिली, तो यात वाकबगार होता. दाराशी त्यानं वळून विचारलं, "तुमची हरकत नाही ना, म्हणजे, ऐकलं नाहीत म्हणून?"

"माझं रीळ देतोस परत?"

"ती अदलाबदल झाली, मिसेस हॅल्क्रो."

"झाली खरी," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर त्यानं खिशातली सीडी चाचपली आणि मोकळा श्वास सोडला. आपण ऐकवायला गेलो होतो, तिनंच नाही म्हटलं. आता जॉयलीनला बोलायला जागा नव्हती. जॉयलीन बोललीही नाही.

रविवारी तो एफीचं रीळ घेऊन वॉरिककडे गेला. स्टुडिओतली रुंद पट्टीची टेप त्याच्या मशीनवर नीट वाजत नसे, वॉरिककडे तसलं मशीन होतं. वॉरिकच्या बायकोनं पास्टी, म्हणजे मटण-बटाटा भरलेले भाजके कानवले, गरम करून दिल्या होत्या. खाता खाता क्लाइव्हनं एफीची हकीगत सांगितली, जरा चाचपत.

"म्हणजे अदलाबदलीत भोक पाडलंस," वॉरिक म्हणाला.

"हो, तसं म्हटलं तर."

वॉरिकनं घास चावून संपवला. "ती काय आपल्यातली आहे का, लेका? नियम आपल्याआपल्यात." आणि रीळ चढवलं.

पहिलं गाणं अप्रतिम होतं. दोघांनी डोळे मिटून घेतले. गाणं संपलं आणि टेप चालूच राहिली. स्टुडिओतल्या माणसानं दोन गाण्यांच्या मध्ये मशीन बंदच केलं नव्हतं. एक खुर्ची सरकली. मग एक तरुण आवाज अगदी माइकजवळून, नाकातून नाही, अर्धा स्कॉटलंडातल्या क्लाइड नदीकाठचा, अर्धा वायॅलाचा, आळसावलेला आणि घरगुती, बोलायला लागला. चहात साखर कुणी टाकली म्हणून तक्रार केली. घरी फोन करायचाय म्हणाला. मग फोनवर बोलल्यासारखी आईची नक्कल केली, 'डंकन, स्वेटर घातलास का?', आणि आपणच उत्तर दिलं, 'घातला गं, घातला.' दुसऱ्या पोरांनी त्याला चिडवलं, त्यानं त्यांना शिव्या दिल्या आणि वायॅलातल्या कुठल्याशा मुलीची गोष्ट सुरू केली. गोष्ट लांबली.

क्लाइव्हनं डोळे उघडले. पास्टीचा तुकडा त्याच्या हातात तसाच होता. वॉरिक त्याच्याकडे बघत होता.

"किती बडबडतो हा," वॉरिक म्हणाला. "सगळं असंच आहे का मधे मधे?"

"असेल."

"नकलेत घ्यायचं हे?"

डंकन अजून बोलत होता. क्लाइव्हनं पास्टी खाली ठेवून बोटं पुसली.

"नको," तो म्हणाला. "गाणी तेवढी घे."

वॉरिकनं हात लांब करून टेप पुढे पळवली. दुसरं गाणं सुरू झालं.